कागदाला घाई चालत नाही

चि. बाळ,

वकिलीचा अभ्यास करायला तू पहाटे पाचला उठतेस, असं आई म्हणाली. ऐकून बरं वाटलं (रिकाम्या पोटी चहा मात्र घेऊ नकोस). आपल्या बारामतीच्या पिन्या हरी काळेबद्दल विचारलंस, म्हणून सावकाश लिहितो.

१९९८ च्या जूनमध्ये या पारधी माणसाला पोलिसांनी संशयावरून धरलं आणि कोठडीतच त्याचा जीव गेला. बायकोच्या पदरात उरला एकच प्रश्न, आत काय घडलं? लेखिका महाश्वेता देवी, अभ्यासक गणेश देवी आणि आपले ‘उचल्या’वाले लक्ष्मण गायकवाड यांनी तो प्रश्न उचलून धरला, नाहीतर पालावरच्या बाईचं ऐकतो कोण? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पुढे त्यांत पारधीही आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरचा शिक्का पुसला, पण इकडे इंदापूर-बारामतीकडे कुठे चोरी झाली की पावलं आधी पालाकडेच वळतात. ही घाईच ना गं?

पिन्या गेला त्याच वर्षी, १९९८ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर असाच कोठडीत गेला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. त्याच्या माणसांनी काय करावं? पुतळा जाळून अंत्यविधी उरकल्याचं दाखवलं आणि देह घरातच पुरून ठेवला, म्हणून तर दुसऱ्यांदा शवविच्छेदन झालं आणि कलकत्ता उच्च न्यायालयानं सीबीआय चौकशीचा आदेश दिला, विधवेला भरपाई दिली. घरात मयत असताना एवढा धीर धरायचा, म्हणजे काय काळीज लागत असेल!

तेव्हा तू कागद जपायला शीक. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलंय, की अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं व्हावा, नातेवाइकाला कळवावं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. आणि कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची, हे २००६ पासून कायद्यातच आहे. घरचे लोक भेटतील तेव्हा आधी त्यांचं रडणं ऐक, मग कोणी कधी नेलं, कोणती वेळ, कोण होतं सोबत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घे. पाठकोरे कागद शिवून वही कर (आजीनं तुझ्यासाठी गठ्ठा बांधून ठेवलाय), आणि एक चिटोराही टाकू नकोस.

तुझ्या चांगुलपणाची मला चिंता नाही, ती आहे तुझ्या तापट रक्ताची. पोलिसांचा संशय पुरावा नाही, तसा आपलाही नाही. त्यांनी घाईनं पिन्याला चोर ठरवलं, म्हणून आपण घाईनं कुणाला खुनी ठरवलं, तर त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर मिळायचंच राहील.

जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझे,
आजोबा