पथ्य कोणाचें?

व्याधींचा विचार वैद्यांनीं करावा आणि कर्तव्याचा विचार तत्त्वज्ञांनीं करावा, अशी एक वाटणी आपल्याकडे पूर्वापार रूढ आहे. या वाटणीमुळें दोघांचींही कामें सुलभ झालीं असलीं, तरी कांहीं प्रश्न दोघांच्याही अंगणाबाहेर पडून राहिले आहेत. पथ्याचा प्रश्न हा त्यांपैकींच एक होय. औषध वैद्य देतो, शस्त्र वैद्य चालवितो. पथ्य मात्र रोग्यानें पाळावयाचें असतें. अर्थात् पथ्य मोडलें तर दोषही रोग्याचाच, असें आपण सर्वजण धरून चालतों. हें गृहीतकृत्य कितपत न्याय्य आहे याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करूं इच्छितों. आणि त्यासाठीं उदाहरण म्हणून अगदीं सामान्य, किंबहुना चारचौघांत ज्याचें नांव घेण्यासही लोक संकोचतात असा, एक रोग घेणार आहों. तो रोग म्हणजे अंतर्गळ. वाङ्मयाच्या मासिकांत या विषयाला स्थान कसलें, असें एखाद्या रसिक वाचकास वाटेल. त्यास आमची एवढीच विनंति कीं, नीतिशास्त्राचे सिद्धान्त खरे कीं खोटे हें पाहण्यास दुखऱ्या जागेइतकी चांगली कसोटी दुसरी नाहीं.

पोटाच्या भिंतींत जेथें कमजोर जागा असते तेथून आंतड्याचा किंवा आंतील चरबीच्या पडद्याचा भाग बाहेर डोकावूं लागतो, आणि जांघेंत फुगवटी दिसते. निजलें कीं ती आंत जाते. खोकलें किंवा ओझें उचललें कीं पुनः बाहेर येते. सुश्रुतानें वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून, त्यांपैकीं आंत्रवृद्धीचीं कारणें देतांना ओझें वाहणें, आपल्याहून बलवानाशीं झुंजणें आणि झाडावरून पडणें यांचा उल्लेख केला आहे. केवळ ओझ्यानेंच हा रोग होतो असें आजचें शास्त्र म्हणत नाहीं. जन्मतः उघडी राहून गेलेली वाट, वयाबरोबर येणारें दौर्बल्य, जुनाट खोकला, मलावरोध, लघवीस जोर करावा लागणें, यांचाही हिशेब तें करतें. तथापि सुश्रुताच्या यादींतील पहिलीं दोन कारणें वाचतांना आम्हांला नेहमीं असें वाटतें कीं, ओझें कोण वाहतो आणि बलवानाशीं झुंजण्याचा प्रसंग कोणावर येतो, हें विचारल्यावांचून या रोगाचें निदान पुरें होत नाहीं.

वृषणकोशांत उतरलेली आंत्रवृद्धि सुश्रुतानें असाध्य म्हणून सोडून दिली होती. ती साध्य होण्यास पुढें कित्येक शतकें लागलीं. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया झाली. १८६७ सालीं लिस्टरनें जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली. आणि १८८४ सालीं इटलींतील पादुआ येथें बस्सीनी या शल्यवैद्यानें जांघेच्या भिंतीचे थर पुनः शिवून काढण्याची रीत सुरू केली. ओढून शिवलेलें कापड जसें पुनः उसवतें तशीच ही शिवणही कित्येकांची उसवे. तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत लिक्टेन्स्टाइन या अमेरिकन शल्यवैद्यानें ताण न देतां कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याचा प्रघात पाडला. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनीं २००१ सालीं जाळीवांचून, रोग्याच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरून, भिंत बळकट करण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा रीतीनें शस्त्रक्रियेचा भाग आज बराचसा निर्धोक झाला आहे. राहिले ते तिच्या आधींचे आणि नंतरचे दिवस. आणि आमचा प्रश्न त्या दिवसांचाच आहे.

आधींच्या दिवसांत वैद्य काय सांगतात तें पाहूं. तंबाखू व विडी कांहीं आठवडे अगोदर सोडावी. खोकला असेल तर तो बरा करून घ्यावा. मलावरोध होऊं देऊं नये. मधुमेह असल्यास साखर ताब्यांत आणावी. शस्त्रक्रियेपूर्वीं सहा तास अन्न व दोन तास पाणीही घेऊं नये. बरोबर एक जबाबदार माणूस आणावा. आणि संमतिपत्रावर सही करावी. या सूचनांत एक आचारधर्म दडलेला आहे. आपला देह दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्यापूर्वीं तो स्वच्छ, रिकामा आणि शांत करावा, व ही सोंपवणूक समजून उमजून करावी, असा तिचा आशय आहे. १९२४ च्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार झाला. तेव्हां पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं १२ तारखेच्या रात्रीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचे दिवे गेले, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. तत्पूर्वीं गांधीजींनीं श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेऊन संमतीच्या निवेदनावर सही केली होती. १९०९ सालीं 'हिंद स्वराज्य' या पुस्तकांत ज्यांनीं डॉक्टरी पेशावर कडक टीका केली, त्यांनीं सरकारी शल्यवैद्याच्या हातीं आपला देह विश्वासानें दिला. पुढें ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची सुटका केली, आणि शक्ति भरून येण्यासाठीं ते मुंबईजवळ जुहूच्या किनाऱ्यावर जाऊन राहिले. ज्या सत्तेनें त्यांस कैदेंत टाकलें तिलाही हें मान्य करावें लागलें कीं, शस्त्रक्रिया झालेल्या देहावर शिक्षेचें ओझें पूर्ववत् ठेवतां येत नाहीं.

आतां नंतरच्या दिवसांचें पथ्य. कुशीवर वळून हाताच्या आधारानें उठावें. खोकतांना जखमेवर उशी दाबून धरावी. पाणी भरपूर प्यावें, भाजीपाला खावा, शौचास कुंथूं नये. आणि जड ओझें उचलूं नये. पूर्वीं रोग्यास कित्येक दिवस अंथरुणास खिळवून ठेवीत. टोरांटो येथें १९४५ सालीं आपलें रुग्णालय स्थापन करणाऱ्या शाउल्डिस यांनीं रोग्यांना लगोलग चालतें करण्याचा पुरस्कार केला, आणि आज तर शस्त्रक्रियेच्या दिवशींच रोगी उभा राहतो. २०१८ सालीं अनेक देशांच्या शल्यवैद्यांनीं मिळून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, शस्त्रक्रिया बिनगुंतागुंतीची असेल तर हालचालींवर लांबलचक निर्बंध घालण्याचें कारण नाहीं, सोसेल तसतशीं नेहमींचीं कामें सुरू करावीं, असा स्पष्ट अभिप्राय दिला आहे. यावर कोणी म्हणेल, मग प्रश्न उरला कोठें? पथ्यच जर इतकें सैल झालें, तर तें पाळतां येत नाहीं ही तक्रार आपोआपच मिटते.

ही शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर 'नेहमींचीं कामें' व 'सोसेल तसतशीं' या शब्दांतच सांपडतें. नेहमींचीं कामें कोणाचीं? आमच्या स्वतःच्या देहावर ही शस्त्रक्रिया झालेली आहे. आमचें नेहमींचें काम म्हणजे खुर्चींत बसून वाचणें आणि फळ्यासमोर उभें राहून बोलणें. तें आम्ही आठवड्याभरांत सुरू केलें. दुखलें तर बसलों. बसवेना तर रजा काढली, आणि तिचा पगारही मिळाला. पुस्तकांचे गठ्ठे विद्यार्थ्यांनीं उचलले. आम्ही पथ्य उत्तम पाळलें असें आमचे वैद्य म्हणाले. पण त्यांत आमचा पराक्रम तो काय? आमच्या वतीनें तें महाविद्यालयानें, शिष्यांनीं आणि घरच्या मंडळींनीं पाळलें होतें.

आम्ही गेवराईस राहतों. तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यांतून जातो, गढी येथें साखर कारखाना उभा आहे. आणि तरीही याच तालुक्यांतून हजारों जोडपीं दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडण्यासाठीं पश्चिमेकडील जिल्ह्यांत आणि कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. तोडलेल्या उसाची मोळी बांधावयाची, तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनांत चढावयाचें, आणि हें पहांटेपासून रात्रीपर्यंत, हंगाम संपेतों. या माणसाचें 'नेहमींचें काम' तें हें. मुकादमाकडून हंगामापूर्वीं आगाऊ घेतलेल्या रकमेस 'उचल' म्हणतात, आणि शस्त्रक्रियेनंतर जी टाळावयाची तीही उचलच. आपल्या भाषेनें एकाच शब्दांत रोग्याचें पथ्य आणि त्याचें कर्ज असें बांधून ठेवलें आहे. ज्यानें पहिली उचल घेतली त्याला दुसरी चुकवितां येत नाहीं. एक दिवस काम बुडालें तर तो 'खाडा', आणि खाड्याला दंड. जोडप्यांतील एक जण निजला तर दुसऱ्याची मजुरीही निम्म्यावर येते, आणि उचल फिटत नाहीं.

अशा माणसास वैद्य म्हणतात, 'जड उचलूं नका.' तो मान हालवितो. मग तो काय करतो? कमरेला पट्टा बांधतो आणि शस्त्रक्रिया पुढील वर्षावर ढकलतो. याला अज्ञान म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः फारसा त्रास नसलेल्या पुरुष रोग्यानें शस्त्रक्रिया न करतां वाट पाहण्यांत मोठा धोका नाहीं, असें अमेरिकेंत ७२० पुरुषांवर केलेल्या आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें. आंतडें अडकण्याचा प्रसंग हजारांत वर्षाकाठीं दोघांहूनही कमी जणांवर आला. पण त्याच अभ्यासांतील सुमारें चौथ्या हिश्श्याच्या लोकांनीं दोन वर्षांच्या आंत, दुखणें वाढल्यामुळें, शस्त्रक्रिया करवून घेतली. वाट पाहणें सुरक्षित ठरतें तें अशासाठीं कीं, दुखूं लागतांच थांबतां येतें आणि आंतडें अडकल्यास कांहीं तासांत रुग्णालय गांठतां येतें. घरापासून शेकडों मैल दूर, उसाच्या फडांत, कोपीमध्यें राहणाऱ्या माणसास ही वाट पाहण्याची चैन तरी कोठून परवडणार?

येथें व्यवहारी माणसाचा आक्षेप येतो. उचल त्यानें स्वखुषीनें घेतली. करार म्हणजे करार. आणि मुकादमाच्या डोक्यावरही कारखान्याचें ओझें असतेंच. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. वचन पाळणें हें नीतीचें मूळ आहे. परंतु करारानें माणूस आपलें श्रम विकूं शकतो; श्रम करणारा देह विकूं शकत नाहीं. कांट या जर्मन तत्त्वज्ञानें स्वतःच्या देहाची हानि करणें हा स्वतःविषयींच्या कर्तव्याचा भंग मानला आहे. मात्र जीव वाचविण्यासाठीं सडलेला अवयव कापून टाकण्यास त्यानें मोकळीक ठेवली. म्हणजे अवयव छेदावयाचा तो जीवासाठीं. तो कामासाठीं छेदला जाऊं लागला तर काय म्हणावें? बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें केली. त्या वेळच्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या सर्वच अनावश्यक होत्या असें म्हणतां येणार नाहीं. परंतु पाळीमुळें पडणारा खाडा टळावा हें त्यांमागील एक कारण असल्याचें त्या वेळीं पुढें आलें. अंतर्गळाचा रोगी विश्रांति मिळत नाहीं म्हणून आवश्यक शस्त्रक्रिया टाळतो, आणि या स्त्रिया विश्रांति मिळत नाहीं म्हणून टाळतां येण्यासारखी शस्त्रक्रिया करवून घेतात. दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे: देहाप्रमाणें काम बेतण्याऐवजीं कामाप्रमाणें देह बेतला जात आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हा सारा पैशाचा प्रश्न असून शास्त्र तो आपोआप सोडवील. याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत मिळतें. धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील शल्यवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं, बाजारांतील महाग जाळी गरिबास परवडत नाहीं हें पाहून, साध्या मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून वापरलें, आणि सहकाऱ्यांसह केलेल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध केले. खर्च शेंकडों पटींनीं उतरला. २०१६ सालीं युगांडांतील एका काटेकोर तुलनेंत अशा स्वस्त जाळीचे आणि महाग जाळीचे परिणाम वर्षभरानंतर जवळजवळ सारखेच आढळले. एका खेड्यावजा गांवांतील बुद्धि आणि करुणा यांचें हें फळ पाहून कोणाही मराठी माणसास अभिमान वाटावा. पण त्यांतूनच शास्त्राची मर्यादाही कळते. जाळी स्वस्त झाली. विश्रांति स्वस्त झाली नाहीं. ती कोणत्याही प्रयोगशाळेंत तयार होत नाहीं, कारण एकाची विश्रांति म्हणजे तेवढे दिवस त्याचें ओझें दुसऱ्यानें उचलणें.

तेव्हां पथ्य कोणाचें, या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. तंबाखू सोडणें, उपाशी राहणें, वैद्यास खरें सांगणें, उठतांना कुशीवर वळणें, हें रोग्याचें कर्तव्य. त्यांत तो चुकला तर दोष त्याचा. परंतु ओझें न उचलणें हें ज्याचें पोट ओझ्यावर आहे त्याचें एकट्याचें कर्तव्य असूं शकत नाहीं. जें करण्याचें सामर्थ्य मनुष्यास नाहीं त्याचें बंधनही त्यावर नसतें, हें नीतिशास्त्राचें साधें तत्त्व आहे. तें पथ्य मुकादमाचें आहे, कारखान्याचें आहे, आणि चहांत साखर घालणाऱ्या आपल्या सर्वांचें आहे. आजाराच्या दिवसांना खाडा न धरणें, शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांची मजुरी शस्त्रक्रियेच्या खर्चांतच मोजणें, आणि हंगामानंतर गांवीं परतल्यावर, पुढील उचल घेण्यापूर्वीं, वैशाखांतच रोग्याचा नंबर लावून देणें, या गोष्टी अशक्य कोटींतील नाहींत. आणि वैद्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, शस्त्रक्रियेची तारीख ठरवितांना 'जड उचलूं नका' असें सांगण्याआधीं रोग्यास एक प्रश्न विचारावा: 'तितके दिवस तुमची मोळी कोण उचलणार?' या प्रश्नाचें उत्तर मिळाल्यावांचून पूर्वतयारी पुरी झाली असें समजूं नये.