हातातले कसब आणि मानेवरचे जोखड

दहावीचा निकाल लागल्यानंतरची गोष्ट आहे. आमच्या मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक गृहस्थ माझ्याकडे आले. स्वतः शेतमजूर, पत्नीही मजुरीला जाणारी. मुलगी मात्र चांगले गुण मिळवून पास झालेली. ओट्यावर बसून ते म्हणाले, "सर, पोरगी म्हन्ते मले विजेचं काम शिकाचं हाय, आयटीआयचा फारम भरा. आमी तं तिले मास्तरीन करायचं ठरवलं व्हतं. तुमी सांगा, आमी पोटाले चिमटा घेऊन पोरीले शिकवलं ते काय खांबावर तारा वढाले?"

मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "कॉलेजातच टाका."

रात्री ही हकिकत मी घरी सांगितली. माझा थोरला भाऊ फिटर आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. पण त्यासाठी आधी आयटीआय करून कारखान्यात उभा राहिला तो भाऊ. जेवता जेवता तो एवढेच बोलला, "कानस घासून घासून तुह्या कॉलेजाची फी भरली. ते काम तुले हलकं वाट्टे काय?"

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. प्रश्न माझ्या घरापुरता नाही. ज्या समाजाने सक्तीची कामे नाकारून माणूसपण मिळवले, त्याने आपल्या मुलांच्या हातात पुन्हा हत्यार द्यावे काय? आणि द्यायचे असेल तर कोणत्या अटीवर?

आपल्या मनातली भीती खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचवणे, वेठ बिगार करणे आणि त्याबदल्यात दारोदार भाकरी मागणे, ही कामे आपल्या वाडवडिलांनी निवडली नव्हती. ती जन्माबरोबर गळ्यात पडली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ती सोडून देण्याचे आवाहन केले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी उपासमार आणि बहिष्कार पत्करून ती सोडली. त्यामुळे 'शिका' या शब्दाचा अर्थ आपण लेखणी असा घेतला. हाताचे काम म्हणजे हुकमाचे काम, असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले.

परंतु येथे एक गोष्ट नीट तपासून पाहिली पाहिजे. आपल्याला श्रम दिले गेले. कसब कधीही दिले गेले नाही. सुताराचे ज्ञान सुताराच्या घरात, सोनाराचे सोनाराच्या घरात. परक्याच्या मुलाने वाकस हातात धरण्याची सोय नव्हती. यंत्रयुग आले तरी ही भिंत पडली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने इतर विणकरांना विटाळ होई! विणाई खात्यात मजुरी जास्त, म्हणून विटाळही तेथेच. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या प्रबंधात त्यांनी जातीचे समर्थन करणाऱ्यांना हेच दाखवून दिले की, जातीने कामांची वाटणी केलेली नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड रचलेली आहे. सारांश, आपण ज्याला भितो ते कसब नव्हेच. कसबापासून तोडलेल्या श्रमाला आपण भितो.

आता दुसरी बाजू पाहू. मुलांना हाताचे काम शिकवावे, असे या देशात अनेक थोर माणसांनी सांगितले. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात शेतीचे व्यावहारिक ज्ञान प्राथमिक शाळेत असावे, असे सुचवले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि सात वर्षांचे, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण पुढे आले. शरीरश्रमाला प्रतिष्ठा देण्याचा त्यातील हेतू चांगलाच होता. पण मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा ही त्यातली अपेक्षा गरिबाच्या मुलाला कोठे नेईल, हा प्रश्न उरतोच. ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या श्रमच आहेत, त्याला शाळेतही पुन्हा कमाईच करावयास सांगणे आणि ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या पोथ्या आहेत त्याला तकली देणे, ही एकच गोष्ट नव्हे.

मद्रास राज्यात तर याहून पुढची मजल गाठली गेली. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी अशी योजना आणली की, खेड्यातील मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळी आईबापांचा धंदा शिकावा. लोकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, हे नाव दिले. प्रचंड विरोध झाला आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेण्यात आली. न्हाव्याच्या मुलाने अर्धा दिवस वस्तरा आणि वकिलाच्या मुलाने अर्धा दिवस कायदा! तास सारखेच, पण दोघांची भविष्ये आधीच लिहून ठेवलेली.

मग सार्वजनिक धंदेशिक्षण याहून वेगळे कसे? त्याचा इतिहास पाहिला की उत्तर सापडते. दुसऱ्या महायुद्धात कारागिरांची गरज पडली, तेव्हा १९४० साली सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना सुरू केली. ती मजूर खात्याकडे होती आणि १९४२ च्या जुलैत त्या खात्याची सूत्रे बाबासाहेबांकडे आली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. शिक्षणाविषयी त्यात दोन मागण्या शेजारी शेजारी आहेत : उच्च शिक्षणासाठी साहाय्य आणि तांत्रिक शिक्षणासाठी साहाय्य. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर विद्यार्थ्यांना केंद्राच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. युद्धानंतर ही प्रशिक्षण केंद्रे आधी परतलेल्या सैनिकांसाठी, मग फाळणीतल्या निर्वासितांसाठी चालली. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली; तिच्यातूनच आजच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी संस्था आहेत.

वरवर पाहता ही सरकारी जंत्री वाटेल. पण हिच्यात एक क्रांती दडलेली आहे. हजारो वर्षांत प्रथमच कसब शिकण्यासाठी बाप कोण हे विचारले गेले नाही. अर्ज भरा, गुण दाखवा, राखीव जागेचा हक्क सांगा आणि लेथवर उभे राहा. ज्या लेथवर सकाळी पाटलाचा मुलगा, त्याच लेथवर दुपारी मजुराचा मुलगा. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला तो सार्वजनिक पैशाच्या पाणवठ्यांसाठी, धर्मशाळांसाठी आणि शाळांसाठी. त्यातल्या 'सार्वजनिक' या एका शब्दासाठी महाडचा संगर झाला. सरकारी कार्यशाळा हाही एक सार्वजनिक पाणवठाच होय. तेथले कसब कोणाच्या वाड्यातल्या आडाचे नाही.

धम्माची या बाबतीत काय शिकवण आहे? आपण घरोघरी मंगल प्रसंगी महामंगलसुत्त म्हणतो. त्यात तथागतांनी बहुश्रुतता आणि शिल्प ही दोन्ही एकाच गाथेत, एकापाठोपाठ, उत्तम मंगल म्हणून सांगितली आहेत. आपण गाथा म्हणतो, पण त्यातला दुसरा शब्द कानाआड करतो. वासेट्ठसुत्तात सांगितले आहे की, माणूस शेतकरी वा कारागीर होतो तो कामाने, जन्माने नव्हे. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या मिळाली आणि तो विनयात अग्रणी ठरला. वस्तरा चालवणे पाप होते म्हणून नव्हे. वस्तऱ्यापलीकडे त्याचे जगणे नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते, म्हणून. सम्यक आजीविकेची कसोटीदेखील हीच आहे. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार तथागतांनी निषिद्ध ठरवला. हात काळे होण्याला त्यांनी कोठेही निषिद्ध म्हटलेले नाही.

म्हणून मला वाटते, धंदेशिक्षणाला तीन प्रश्न विचारावेत. हे कसब शिकणाऱ्याने स्वतः निवडले काय? त्याचे दार दुसऱ्या घरच्या मुलालाही उघडे आहे काय? आणि हत्याराशेजारी पुस्तक आहे काय, म्हणजे पुढची वाट मोकळी आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर ते शिल्प होय. एकाचेही 'नाही' असेल तर ते जोखड होय, मग त्याला नाव कोणतेही द्या.

या कसोटीवर आजच्या गोष्टीही घासून पाहाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक धंद्यांतल्या कारागिरांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि स्वस्त कर्ज मिळते. आज घाम गाळणाऱ्या कारागिराला ही मदत हवीच, तिला विरोध करणे निर्दयपणाचे होईल. परंतु कुटुंबात चालत आलेल्या धंद्याचा गौरव करताना चांभाराच्या मुलाला वीजतंत्री आणि ब्राह्मणाच्या मुलाला चर्मकला शिकवण्याची सोय कोठे, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. तसेच देशातील आयटीआयपैकी ७५ टक्क्यांहून अधिक आज खाजगी आहेत. फी भरूनच पाणी मिळणार असेल, तर पाणवठा सार्वजनिक राहिला असे कसे म्हणावे?

आणि आम्हा शिक्षकांचे काय? पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे नववीच्या मुलांचे पेपर तपासताना एक सहकारी गठ्ठ्यातून पेपर बाजूला काढीत म्हणत, "हा आयटीआयचा, हाही आयटीआयचा." ती मुले कोणत्या वस्त्यांतली होती हे सांगण्याची गरज नाही. त्यांनी मुलांना विचारले नव्हते. मी गप्प बसलो. आणि परवा त्या शेतमजुराच्या मुलीबद्दल "कॉलेजातच टाका" म्हणालो, तेव्हा मीही तिला विचारले नाही. त्यांनी खाली ढकलले, मी वर ओढले. पण विचारले कोणीच नाही. आमच्या दोघांच्या मनात हाताचे काम खालचेच होते.

दुसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि यावेळी मुलीलाच विचारले. तिने सांगितले की त्यांच्या वस्तीतला दिवा बंद पडला की आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही. तिला ते काम यायला हवे आहे. मी तिला दोन वर्षांचा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम, त्यानंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला मिळणारा थेट प्रवेश, हे सगळे समजावले. वडिलांना म्हणालो, "दादा, तिले कोनी तारा वढाले लावत नाही, ती सोताहून शिकून राहिली. फरक तेवढाच हाय, पन तोच मोठा हाय." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र आणून माझ्या हातात दिले.

तिला काम मिळेल की नाही, खांबावर चढलेल्या मुलीला गाव काय म्हणेल, हे आज सांगता येणार नाही. पण तिने निवडलेल्या वाटेवर तिच्याबरोबर तालुक्यापर्यंत जाणे माझ्या हाती आहे. धम्मबांधवांनो, येत्या प्रवेशाच्या वेळी आपल्या मुलामुलींना कॉलेज की कार्यशाळा हे ठरवून देऊ नका. आधी त्यांना विचारा, आणि दोन्हींपैकी कोणतेही दार बंद दिसले तर ते उघडण्यासाठी एकत्र या. थोरल्या भावाला मी हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरा हाय. पन कानस घासतानी हात कसा धराचा ते तुले अजून येत नाही." ते मात्र खरे आहे.