नापाकी आणि तिरस्कार

वीजदुरुस्ती, स्वयंपाक वा रुग्णसेवेसाठी परघरी जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना तेथील कुत्रा अंगाशी आला की नमाजची चिंता लागते. वास्तविक कोरड्या अंगाच्या कोरड्या स्पर्शाने वस्त्र नापाक होत नाही, वुजूही तुटत नाही. लाळ लागल्यास हनफी मतानुसार तेवढा भाग धुवावा. कोकणातील शाफई बांधवांनी सात वेळा, त्यांत एकदा माती मिसळलेल्या पाण्याने.

नापाकी पाण्याने जाते. मनातील तिरस्कार कशाने जाणार? विहिरीत उतरून, पादत्राणात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्यास अल्लाहने क्षमा केली, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. म्हणून काम होईपर्यंत कुत्रा बांधून ठेवण्याची विनंती घरधन्यास नम्रपणे करावी. त्या मुक्या जीवावर मात्र हात उगारू नये. पाकी राखणे हे आपले कर्तव्य आहे, आणि दया हा त्याचा हक्क.