ताटं कोण घासणार?

गेल्या वर्षी बाबांची साठी घरीच केली. ६० माणसं. ‘एकही डिस्पोजेबल नको’ हा हट्ट माझा. प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच; पण कागदी कपालाही आतून बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. म्हणून मंडपवाल्याकडून स्टीलची भांडी भाड्याने आणली. जेवणं झाली, कौतुक झालं, मी स्टोरीही टाकली.

रात्री साडेदहाला मागच्या बाजूला गेलो, तर भांडीवाल्या मावशी मोरीत बसलेल्या. ६० ताटं, ६० वाट्या, ६० पेले. १८० नग. “शेवटची बस चुकणार आज,” त्या एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना रिक्षाचे पैसे दिले, वर थोडे जास्तही दिले. तरी झोप लागेना. पृथ्वीवरचं ओझं मी कमी केलं होतं की नुसतं दुसऱ्याच्या पाठीवर ठेवलं होतं?

मग पत्रावळ? पळसाची पत्रावळ मातीत मिसळून जाते, घासावी लागत नाही. पण उष्टी कोणीतरी काढावीच लागतात, आणि ती कोणी काढायची हे आपल्याकडे जात आणि बाईपण बघूनच ठरत आलंय. वस्तू बदलली की कचरा बदलतो. काम कोणाचं, हा प्रश्न तिथेच राहतो.

कोणी म्हणेल, मावशींना त्याचे पैसे मिळतात. मिळतात, आणि कामाची गरजही त्यांनाच आहे. पण मग श्रेय तेवढं माझं कसं? चांगुलपणाची किंमत आपण स्वतः मोजत नसू, तर तो चांगुलपणा उधारीचा.

यंदा बहिणीच्या डोहाळजेवणाला अंगणात तीन बादल्या ठेवल्या : एक खरकटं काढायला, एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची. ज्याने त्याने आपलं ताट घासायचं. गांधीजींच्या आश्रमांत ही रोजचीच शिस्त होती; आमच्या घरात मात्र भूकंप झाला. “पाहुण्याला भांडी घासायला लावतोस?” आत्या चिडली, ताट तसंच ठेवून निघून गेली. ते मी घासलं.

आत्याचं अगदीच चुकलं असं मला वाटत नाही. पाहुण्याला हात हलवू न देणं हेही प्रेमच. फक्त त्या प्रेमासाठी हलणारे हात यजमानाचे असावेत, एवढंच मला त्या मोरीपाशी कळलं.

मावशी त्या दिवशी आल्या होत्या. जेवायला.