पहिल्या मालकाचे कर्म

नवी असताना ऐंशी लाखांना मिळणारी ताकदवान जर्मन सेडान आठ-दहा वर्षांनी पंधरा-वीस लाखांत पदरात पडते. उतरते ती किंमत. गाडी ऐंशी लाखांचीच राहते. टर्बो, गिअरबॉक्स, हवेवरचे सस्पेन्शन यांचे सुटे भाग गाडीचे वय बघून स्वस्त होत नाहीत. मुळशी तालुक्यात, भूगाव-पिरंगुटच्या रस्त्यावर किंवा हिंजवडी-माणच्या कोंडीत अशा गाड्या नेहमी दिसतात, आणि त्या घ्याव्यात की नाही हे सांगायला गल्लोगल्ली तज्ज्ञ तयार असतात. त्यांच्या सल्ल्यात एक प्रश्न मात्र येत नाही, कारण तो पैशांचा नाही. ऑइल वेळेवर बदलायचा कंटाळा पहिल्या मालकाने केला आणि इंजिन उघडल्याचे बिल दुसऱ्याने भरले. कर्म एकाचे, फळ दुसऱ्याला. हे न्यायाचे आहे का?

आपल्या दर्शनांना हा प्रश्न नवा नाही. न केलेल्या कर्माचे फळ गळ्यात पडणे म्हणजे अकृताभ्यागम आणि केलेल्याचे फळ न भोगता सुटणे म्हणजे कृतनाश. ज्या मतातून हे दोष निघतात ते मत टिकत नाही, असे नैयायिक मानत. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर हाच वार केला: माणूस क्षणोक्षणी वेगळा असेल तर पाप करणारा एक आणि भोगणारा भलताच. यावरचे बौद्धांचे उत्तर मिलिंदपञ्हात नागसेनाने कितीतरी आधी देऊन ठेवले होते. मालकाने लावलेला आंबा वेगळा आणि मी तोडलेला वेगळा, असे म्हणून चोर सुटत नाही, कारण लावलेल्यापासून तोडलेल्यापर्यंत कारणांची साखळी अखंड असते. जुन्या गाडीच्या बाबतीत गंमत अशी की दोन्ही पक्षांचे खरे ठरते. साखळी लोखंडात आणि रबरात असल्यामुळे तुटत नाही. भोगणारा मात्र आरसी बुकावर नाव चढताच बदलतो.

ही साखळी कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. एअर सस्पेन्शनच्या रबरी फुग्याला बारीक चीर जाते. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते, पण सुरू केली की थोड्याच वेळात उठते, म्हणून मालक 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणतो. तेवढी गळलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर रोज जास्त पळतो आणि एक दिवस जळतो. फुग्याचे काम कॉम्प्रेसरवर गेले, ते गाडी विकल्यानंतर. किंवा बीएमडब्ल्यूचे एन63 हे व्ही8 इंजिन घ्या. त्यात दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलेले आहेत. रचना आटोपशीर आणि ताकद झटकन मिळते, पण उष्णताही तिथेच कोंडते. आसपासचे होस आणि व्हॉल्व्हचे सील कडक होतात, इंजिन ऑइल पिऊ लागते. 2014 मध्ये कंपनीला अमेरिकेत या इंजिनासाठी खास दुरुस्ती मोहीम काढावी लागली. असे इंजिन हिंजवडीच्या कोंडीत रोज रांगत असेल आणि ऑइल बदलायची तारीख मालक लांबवत असेल, तर दोष घडवणाऱ्याचा किती आणि वापरणाऱ्याचा किती, हे मेकॅनिकलाही नक्की सांगता येणार नाही.

तरीही माझे म्हणणे असे की दुसऱ्या मालकावर होतो तो सरसकट अन्याय नव्हे. किंमत इतकी उतरते ती काही फक्त नवे मॉडेल आले म्हणून नाही. येणाऱ्या दुरुस्त्यांची भरपाई त्या उतरलेल्या किमतीत आगाऊ दिलेली असते. ऐंशीच्या गाडीला वीस मोजणाऱ्याने साठ लाख वाचवले हा भ्रम आहे. त्यातला बराच भाग त्याच्याकडे ठेव म्हणून आला आहे. म्हणजे फळ भोगण्याची किंमत त्याने आधीच घेतली. ती ठेव त्याने नव्या अलॉय व्हील्सवर आणि गुरगुरणाऱ्या एक्झॉस्टवर उडवली, तर पुढचे दुर्लक्ष पहिल्याच्या नावावर टाकता येत नाही. तिथून ते त्याचे स्वतःचे कर्म, आणि तिसऱ्या मालकाच्या वाट्याला जाईल ते दोघांचे मिळून.

ही मांडणी एकाच अटीवर उभी आहे: घेणाऱ्याला माहीत असले पाहिजे. इथे 1872 च्या करार कायद्याचे सतरावे कलम वाचावे. त्यात एका घोड्याची उदाहरणे आहेत. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असलेला मालक लिलावात गप्प बसला, तर ती फसवणूक नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याच्यावर बंधनकारक. आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असे समजेन, असे गिऱ्हाइकाने बजावले असेल, तर गप्प बसणे हेच बोलणे. म्हणजे कायदा नाते बघून खरे बोलायला लावतो. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म शिकायला वाराणसीच्या तुलाधार या वाण्याकडे जावे लागते, आणि त्या वाण्याची थोरवी एवढीच की त्याचा तराजू सगळ्यांना सारखा. कायदा जे मुलीला देतो, ते तुलाधार परक्यालाही देतो. मीटर मागे घेणे हे उघड खोटे आहे, त्यावर शाई घालवायला नको. खरी कसोटी पुढची आहे. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसून टाकले आणि तोंडाने एकही खोटा शब्द काढला नाही, तर? माझ्या मते ठेव देताना तिच्यावरचा बोजा लपवला गेला, आणि तिथे अकृताभ्यागमाचा दोष पुरता लागू होतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळेच सगळे जाणून असतात, कोण कुणाला फसवतो? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन याची दुसरी बाजू दाखवली. घेणाऱ्याला चांगली-वाईट ओळखता येत नसेल तर तो वाईट धरूनच भाव करतो. मग वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेल्याला योग्य भाव मिळत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. एकाच्या गप्प बसण्याची किंमत दुसरा प्रामाणिक विकणारा मोजतो, ज्याचा या सौद्याशी काही संबंधच नाही.

दुसरा आक्षेप अधिक धार्मिक वाटतो: मुळात असली गाडी हवीच कशाला, हा हव्यासच पाप. मुळशीत हा आक्षेप 'गुंठामंत्री' या शब्दात टिंगल बनून येतो. जमीन विकून आलेला पैसा आणि त्यातून आलेली गाडी, हे 2018 च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी केले. 1921 मध्ये याच तालुक्यात धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह झाला होता, हे टिंगल करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात असते. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत सुमारे 65 कोटींच्या दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या गेल्या, तेव्हा त्याचे शहराची उद्यमशीलता म्हणून कौतुक झाले. हव्यास एकच, नाव मात्र कोण घेतो त्यावर ठरते. शिवाय जैन परंपरेतही, जी अपरिग्रहावर सर्वांत कडक, गृहस्थाला सर्वत्यागाचे नव्हे तर परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आहे. गृहस्थाचा दोष मोठी वस्तू घेण्यात नाही. जिची निगा आपल्या आवाक्याबाहेर आहे ती घेण्यात आहे.

राहिला ओळखीच्या गॅरेजमुळे खर्च वाचतो हा मुद्दा. स्वतंत्र मेकॅनिक मजुरी कमी घेतो, मोडीत काढलेल्या गाडीचा चांगला भाग शोधून आणतो, आणि हे सगळे रास्त आहे. त्याने ठेव पुरवून पुरवून वापरता येते. ती लागतच नाही असे होत नाही. आणि एक माणूस तर या हिशेबात कुठेच बसत नाही. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाच्या धुक्यात दोन टनांची गाडी उतारावर येत असते आणि समोर दुचाकीवर कुणी असतो. त्याने उतरलेल्या भावाचा फायदा घेतलेला नाही, कशावर सही केलेली नाही, गाडीची खोट त्याला कुणी सांगितलेली नाही. त्यामुळे सस्पेन्शन, गिअरबॉक्स किंवा ऑइल पिणारे इंजिन यांचे दोष सांगून विकता येतात, पण ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचे दोष सांगूनही विकता येत नाहीत. ते काम करूनच गाडी दारातून बाहेर काढायची, नाहीतर टो करून थेट गॅरेजात पाठवायची, मग बिल कुणी भरायचे ते दोघांनी सौद्यात ठरवावे.