बंदरापुढचे जहाज

३१ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लर्लाईन’ हे अमेरिकन जहाज मुंबई बंदराला लागले आणि त्यातून सुमारे तीन हजार सैनिक उतरले. जहाजाच्या चरित्रात या मुक्कामाला एखादी ओळ मिळते. माझे म्हणणे असे की जहाजाचे काम त्या धक्क्यावर संपले नव्हते. सैनिक वाहणारे जहाज खरोखर कुठवर जाते ते पाहायचे तर बंदर सोडून त्यामागच्या शहापूर-मुरबाड तालुक्यांकडे यावे लागते.

लर्लाईनचा जन्म सैनिकांसाठी झालेला नव्हता. १९३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी येथे ते पाण्यात उतरले. मॅटसन कंपनीचे हे पांढरेशुभ्र, सुमारे १८,००० टनांचे जहाज कॅलिफोर्निया ते हवाई अशा फेऱ्या करी आणि सातशेच्या आसपास हौशी, पैसेवाले उतारू नेई. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हा ते होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेले होते. तिथे पोचल्यावर ते सरकारी कामाला जुंपले गेले. आता त्यात हजारोंनी माणसे भरायची होती.

पण बदल केवळ गर्दीचा नव्हता. उतारूला त्याच्या गावी उतरवले की तिकिटाचा व्यवहार पुरा होतो. सैनिकाला उतरवून काहीच पुरे होत नाही. तो धक्क्यावर नुसता उभा राहिला तर पोसायला एक तोंड वाढते, एवढेच. त्याला आघाडीकडे नेणारी आगगाडी, गाडीला लागणारी वीज, वाटेतली छावणी, पिण्याचे पाणी हे सगळे मिळाले तरच जहाज एवढा समुद्र तुडवून आल्याचे सार्थक. म्हणून सैनिकवाहू जहाजाचा इतिहास लिहिताना बंदरामागचा मुलूखही त्यात धरला पाहिजे.

लर्लाईनवरची माणसे स्वखुशीने नावे दिलेली होती; पुढे ती ब्रह्मदेशाच्या जंगलात लढली. २१ सप्टेंबरला जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. वाटेत न्यू कॅलेडोनियातील नूमेआ आणि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन इथे आणखी सैनिक चढले. पुढे ही तुकडी ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून जगभर गाजली. मुंबईहून त्यांची रवानगी झाली देवळालीच्या छावणीत. देवळालीला जायचे तर गाडी कल्याण सोडून वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्टेशनांवरूनच जाणार. म्हणजे पाऊण जग पालथे घालून आलेल्या त्या माणसांनी हिंदुस्थानात आल्याबरोबर जो मुलूख ओलांडला, तो शहापूर तालुका.

कसाऱ्यापुढे थळ घाट. १८६५ मध्ये खुला झालेला हा लोहमार्ग सदतीस फुटांमागे एक फूट चढतो. वर जाणाऱ्या गाडीला ढकलायला मागून आणखी इंजिने लावावी लागतात. १९३० पासून इगतपुरीपर्यंत गाड्या विजेवर धावू लागल्या होत्या. देवळाली तर एकोणिसाव्या शतकापासूनच गोऱ्या पलटणींचा तळ. विलायतेहून नवे आलेले सोल्जर तिथे थांबत आणि मुदत संपलेले परतीच्या जहाजाची वाट बघत महिनेन् महिने काढत. कल्याण ते कसारा हा रुळांचा तुकडा त्या साऱ्या जहाजांची जमिनीवर टेकलेली शिडीच होता. शहापूरच्या कित्येक पिढ्यांनी ती शिडी चढणारे आणि उतरणारे चेहरे पाहिले असतील.

आणि पाणी. समुद्रात राहूनही जहाजाला गोडे पाणी लागतेच. हजारो माणसांना प्यायला हवे, बॉयलरलाही खारे चालत नाही. त्या काळी मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात मोठा वाटा तानसाचा. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. पावणेतीन किलोमीटरहून लांब असा हा दगडी बांध शहापूर तालुक्यात आहे. मुंबईत पाणी भरून निघालेल्या जहाजांबरोबर शहापूरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस अरबी समुद्रापार जात होता. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात आजही टँकरची वाट पाहावी लागते, हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

मुरबाडला रेल्वे नव्हती, पण युद्धाची तार तिथेही पोचली होती. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १९४२ च्या आंदोलनात भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या कारखान्यांना आणि रेल्वेला वीज नेणारे मनोरे एकामागून एक पाडले. साम्राज्याचे बळ बोटींत आणि तोफांत जेवढे दिसते तेवढेच ते रानातून जाणाऱ्या तारांतही असते, हे या तरुणांनी नेमके हेरले होते. ते हेरायला बंदर पाहावे लागत नाही, डोंगराची माहिती लागते.

जपानशी लढायला आलेला दूरदेशीचा तरुण आणि परकी सत्ता घालवायला निघालेला इथला तरुण यांना एकमेकांविरुद्ध तोलण्याची मला गरज वाटत नाही. दोघेही जिवावर उदार झालेले होते. मात्र लर्लाईनची हकीकत सांगताना दुसऱ्याला वगळले तर ती अपुरी राहते. ते जहाज युद्धानंतर पुन्हा उतारू नेऊ लागले, १९६३ मध्ये ग्रीक मालकाकडे जाऊन ‘एलिनिस’ झाले आणि १९८७ मध्ये तैवानमध्ये मोडीत निघाले. भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, ते २ जानेवारी १९४३ च्या पहाटे. त्यानंतर दहा महिन्यांनी लर्लाईनचे सैनिक कसाऱ्याचा घाट चढून देवळालीला गेले.