उतार आणि माघार

पुढे टाकलेले पाऊल मागे न घेणे हे पुरुषार्थाचे लक्षण मानण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. माघार या शब्दालाच एक प्रकारची लाज चिकटली आहे. रणातून माघार घेणारा योद्धा, वादातून माघार घेणारा पंडित आणि संकल्पापासून माघार घेणारा साधक, या तिघांकडेही समाज एकाच दृष्टीने पाहतो. ही दृष्टी सर्वत्र न्याय्य आहे काय, याचा विचार करण्यास नदीचा उतार हे स्थळ आम्हांस फार सोयीचे वाटते. कारण तेथे तत्त्वाची परीक्षा शब्दांनी न होता पाण्याने होते.

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीच्या काठाने जो पायी हिंडला असेल, त्याला आमच्या म्हणण्याची खूण पटेल. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून ही नदी खाली येते आणि वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पवनार येथे काळ्या खडकांच्या पात्रातून वाहते. काठाची पायवाट सलग एका अंगाने जात नाही. कोठे दरड, कोठे काटेरी झुडपे, कोठे चिखलाने भरलेली पांदण आडवी येते आणि वाटसरूला वारंवार ओढे ओलांडणे भाग पडते. उन्हाळ्यात यात काहीच विशेष नाही; दगडावरून दगडावर पाय टाकीत मूलही पार होते. परंतु पावसाळ्यात तोच ओढा घटकेत निराळे रूप धारण करतो. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ आणि खाली कठीण खडक, त्यामुळे पाणी मुरण्यास अवसर न मिळता ते धावत सुटते. डोक्यावर ऊन पडलेले असावे आणि पायाखाली मात्र दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा यावा, असे येथे घडू शकते. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात अँटिलोप नावाची वाळूच्या खडकाची अरुंद घळ आहे. तेथे १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल दूर कोसळलेल्या पावसाचे पाणी एकाएकी शिरले आणि ११ पर्यटक बुडून मेले. वाळवंट आणि वऱ्हाडाच्या शेजारचा हा मुलूख यांत अंतर पुष्कळ. परंतु पाण्याचा न्याय दोन्हीकडे एकच.

म्हणून या भागातील गुराखी उतार कसा ओलांडतो हे पाहण्यासारखे असते. पाणी जेथे अरुंद आणि शांत दिसते तेथे तो जात नाही. तेथे डोह असतो हे त्याला ठाऊक आहे. जेथे पात्र रुंद, खळखळाट अधिक आणि तळ दिसतो, ती जागा तो पत्करतो. आधी काठी टेकतो, मग पाऊल. आणि एक पाऊल स्थिरावल्याखेरीज दुसरे उचलीत नाही. पाण्याचा रंग पालटला, फेस आला, काटक्या व पालापाचोळा वाहू लागला, की तो काठावर बसतो आणि पाणी ओसरण्याची वाट पाहतो. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. त्याच्या या बसण्याला भित्रेपणा म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. ज्याला पाण्याचा ठाव कळतो, त्यालाच स्वतःचाही ठाव कळतो.

येथे भाषेनेच आपल्याला एक मोठा दाखला देऊन ठेविला आहे. ज्याला आपण तीर्थ म्हणून हात जोडतो, तो शब्द ‘तृ’ म्हणजे तरणे, पार होणे, या धातूपासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ उतार असाच आहे. जैनांचे तीर्थंकर म्हणजेही असा उतार घालून देणारे. याचा अर्थ असा की, पूर्वजांनी पवित्र मानले ते पाण्याच्या खोलीला नव्हे, तर जेथून मागून येणाऱ्यांनाही सुखरूप पार जाता येते त्या जागेला. जो एकटा आपल्या ताकदीवर डोहातून पोहून गेला, त्याने पराक्रम केला असेल. तीर्थ निर्माण केले नाही.

यावर कोणी म्हणेल की, अशा हिशेबाने सारे जग काठावरच बसून राहील. आक्षेप रास्त आहे. १९३८ साली प्रकृती खंगलेली असताना विनोबा पवनारला राहावयास आले, तेव्हा धामचा पूल ओलांडताना आपण सर्वाचा त्याग केला असे ते तीन वेळा म्हणाले; आणि धामच्या पलीकडले म्हणून त्या स्थानाचे नाव परंधाम ठेविले. अलीकडचे काही सोडल्यावाचून पलीकडे जाता येत नाही, हे खरेच. परंतु त्यांनी जे सोडले ते स्वतःचे होते. पूर आलेल्या ओढ्यात केवळ हट्टाने उतरणारा गृहस्थ मात्र ज्यावर बायकामुलांचा हक्क आहे ते पणास लावतो, आणि मागून येणाऱ्या पोरांना तोच धडा देतो. पलीकडे आजारी मूल तळमळत असेल तर आईने पाण्यात पाय घालावा की नाही, हे ठरविणारे आपण कोण? पण जेथे पलीकडे केवळ आपला अभिमान वाट पाहत असतो, तेथे माघार हेच कर्तव्य होय.

इतके मान्य केले तरी एक गोष्ट मनाला टोचत राहते. हौसेने हिंडावयास गेलेल्या आपल्यासारख्यांना माघारीचा अधिकार असतो. घरी परतले तर चूल विझत नाही. परंतु रपट्यावरून पाणी जात असता पलीकडच्या शेतावर रोजाने जाणारी बाई, किंवा शाळेत निघालेला मुलगा, यांना हा अधिकार कोणी दिला आहे? बाई परत फिरली तर रोज बुडतो, मुलगा परत फिरला तर शाळा बुडते. पाण्यात उतरल्यावर त्यांच्या धैर्याची आपण वाखाणणी करतो. परंतु जे धैर्य नाइलाजाने दाखवावे लागते, त्याची स्तुती करणे हा आपले देणे विसरण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. त्यांना स्तुती नको, पूल हवा. आणि पूल होईपर्यंत, पुराच्या दिवशी न आल्याबद्दल रोज न कापणारा धनी व गैरहजेरी न मांडणारा गुरुजी हवा.

पूल झाल्याने माणसे दुबळी होतील ही भीती आम्हांस निराधार वाटते. पाय ओले करून पाण्याची ओळख करून घेण्यास निवांत दिवस आणि निवळ ओढे पुष्कळ आहेत. माघार घेण्याची मोकळीक ज्याला आहे त्याने ती लाज न बाळगता घ्यावी. आणि ज्याला ती नाही त्याला ती मिळवून देण्यात आपला पुरुषार्थ खर्ची घालावा.